घसा दाखवायला गेलो, छातीचा सीटी स्कॅन काढून आलो

नाशिकच्या या कान-नाक-घशाच्या दवाखान्याला पाचातले चार तारे दिलेत. एक का कापला ते शेवटी सांगतो, आधी कामाचं.

मी कांद्याचा लिलाव पुकारतो. निफाड तालुक्यातल्या एका बाजार समितीत, २८ वर्षं झाली. ट्रॉलीवर शेतकरी उभा, खाली व्यापाऱ्यांचा घोळका, आजूबाजूला ट्रॅक्टरची धडधड, आणि या सगळ्याच्या वर माझा आवाज गेला पाहिजे: चौदाशे, चौदाशे पाच, दहा, पंचवीस, पन्नास एकवार, पन्नास दोनवार. मला माईक कधी लागला नाही. लग्नाच्या पंगतीत मी "पाणी" म्हटलं की तीन ओळी पलीकडचा वाढपी पळत यायचा. बढाई नाही मारत. आवाज गेला म्हणजे आमच्या घरात काय गेलं ते कळावं म्हणून सांगतोय.

मार्चमध्ये सर्दी झाली, दोन दिवस ताप आला. सर्दी गेली, आवाज काही परत आला नाही. जो होता तो सायकलच्या पंक्चर ट्यूबमधून हवा सुटावी तसा. शब्द निघायचा, पण त्यात वाराच जास्त. सगळ्यांनी एकच निदान केलं: आप्पा, ओरडून ओरडून घसा बसला. मलाही पटलं, कारण दर मोसमात दोन-चार दिवस बसतोच. मंडळींनी, म्हणजे बायकोनं, ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले. दुसऱ्यांनी महिनाभर पित्ताच्या गोळ्या दिल्या. मधे एक इंजेक्शन टोचून झालं, त्यानं आवाज होता तसाच राहिला आणि साखर तीनशेच्या वर गेली. दोघांची नावं लिहीत नाही. माणसं वाईट नाहीत, त्यांच्याकडे गर्दी फार. पण दोघांनी बॅटरी मारली, जीभ बाहेर काढायला लावली आणि "थोडं लाल आहे" एवढंच सांगितलं. आता मला माहीत झालंय की बॅटरीच्या उजेडात टॉन्सिल दिसतात, आवाजाच्या पट्ट्या दिसतच नाहीत. त्या जिभेच्या मुळाच्या मागं, खाली वळणावर असतात. कांद्याच्या चाळीत शिरायचंच नाही आणि दारात उभं राहून सांगायचं की कांदा सडलेला नाही, त्यातली गत.

त्या सात आठवड्यांत अजून काही काही होत होतं, ते मी आवाजाशी जोडलंच नाही. पाणी पिताना ठसका लागायचा, तोही इतका की डोळ्यांत पाणी. भाकरी मात्र नीट जायची. पायऱ्या चढून दम लागत नव्हता, पण फोनवर चार वाक्यं बोललो की दम लागायचा. आणि गोणी उचलता येईना. म्हणजे हातात जोर होता, पण उचलताना आपण श्वास रोखून जो "हं" करतो ना, तो "हं" होईचना. मला वाटलं वय झालं. ५३ म्हणजे काही थोडं नाही.

पोरगा फार्मसी शिकलाय. त्यानं मे महिन्यात मला धरून नाशिकला या दवाखान्यात आणलं. ठक्कर बाजार बस स्टँडपासून रिक्षानं दहा मिनिटं, द्वारका चौकाकडून आलात तर देव तुमचं भलं करो. बाहेरून साधा कान-नाक-घशाचा दवाखाना दिसतो. आत मात्र आवाजाचा विभाग वेगळा आहे, आठवड्यातून दोनच दिवस चालतो, फोन करून जा.

आत गेल्यावर मी घसा दाखवायला तोंड उघडलं, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, तोंड मिटा, आधी बोला." पंधरा मिनिटं मला बोलायला लावलं. हे मला नवीनच होतं, कारण दोन महिने सगळे मला गप्प बसा म्हणत होते. काय धंदा, किती वर्षं, कधीपासून, एकदम गेला की हळूहळू. मग प्रश्न भलतीकडेच वळले. मानेचं ऑपरेशन झालंय का, थायरॉइडचं? मानेच्या मणक्याचं, पुढून? हृदयाचं? कधी घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर होतात? टीबी झाला होता का, घरात कुणाला आहे का? वजन उतरलं का? खोकल्यातून रक्त? विडी, तंबाखू किती आणि किती वर्षं? कॅन्सरची कुठली औषधं? हात-पाय, तोंड वाकडं होणं, एखाद्या बाजूला मुंग्या? साखर किती वर्षांची? मी मनात म्हणतोय, बाई, माझा आवाज गेलाय आणि तुम्ही माझ्या सगळ्या अंगाचा सातबारा काढताय.

"पाण्यानं ठसका लागतो की भाकरीनं?" हे विचारलं तेव्हा मी उडालोच. मी सांगितलं नव्हतं. पाणी पातळ, ते पळतं. पट्ट्या नीट मिटल्या नाहीत तर सरळ श्वासनळीत उतरतं. घट्ट घास सावकाश जातो म्हणून फावतं. आणि गोणीचं कोडंही तिथंच सुटलं. जोर लावताना आपण पट्ट्या मिटून छातीत हवा कोंडतो, त्या कोंडलेल्या हवेवर हातांचा जोर उभा राहतो. माझी हवा गळत होती.

मग म्हणाल्या, खोकून दाखवा. मी खोकलो. खोकल्याचा सुरुवातीचा तो फट्‌ आवाजच नाही, नुसतं लांब "हाऽऽ". त्या म्हणाल्या, आमच्या पुस्तकात याला गुरांचा खोकला म्हणतात. मंडळी लगेच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, आपली तांबडी अशीच खोकते." मग एका श्वासात "आ" जितका लांबेल तितका लांबवायला सांगितला, घड्याळ लावून. निरोगी माणूस पंधरा-वीस सेकंद सहज ओढतो. मी पाचात संपलो. एके काळी एका दमात तीन ट्रॉल्या काढणारा माणूस.

जीभ बाहेर काढायला लावली, ती सरळ आली. "आ" म्हणताना टाळू दोन्हीकडून सारखा वर उचलतोय का ते पाहिलं, उचलत होता. याला अर्थ आहे. आवाजाची नस मेंदूतून निघणाऱ्या दहाव्या नसेची फांदी. टाळूची फांदी तिच्यातूनच वर, कवटीजवळ फुटते. टाळूही लुळा असता तर गडबड वर कवटीपाशी शोधावी लागली असती. टाळू ठीक म्हणजे बिघाड त्या फांदीच्या खाली. आमच्याकडे लाईट गेली की वायरमन आधी विचारतो, शेजाऱ्याची आहे का? तसंच.

आता दुर्बीण. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी नीट लिहितो. नाकात औषधाचा कापूस दहा मिनिटं ठेवतात, ते कडू पाणी घशात उतरतं आणि घसा मातीचा झाल्यासारखा लागतो. मग शेवयाएवढी नाही, पण पेन्सिलीहून बरीच बारीक अशी नळी नाकातून आत. दुखत नाही. शिंक अडकल्यासारखं वाटतं. समोर पडदा असतो, आपल्याला दाखवत दाखवतच तपासतात, आणि मला या दवाखान्याची सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच. ५३ वर्षं जिच्या जिवावर खाल्लं ती वस्तू मी पहिल्यांदा पाहिली. दोन पांढऱ्या पट्ट्या, एवढ्याशा. गोठ्याच्या फाटकाची दोन दारं असावीत तशा.

"ई म्हणा. आता नाकानं हुंगा. ई. हुंगा." ई म्हटलं की दारं मिटायला हवीत, हुंगलं की सताड उघडायला हवीत. एक दार मिटत होतं, उघडत होतं. दुसरं मधल्या रेघेपासून थोडं बाजूला, कमानीसारखं वाकून नुसतं उभं. पडद्यावर ते उजवीकडे दिसत होतं, म्हणजे माझं डावं. मॅडमनी चार वेळा करायला लावलं. पाचव्या वेळी मीच मान हलवून सांगितलं, कळलं.

"डाव्या व्होकल कॉर्डचा पॅरालिसिस आहे."

पॅरालिसिस म्हटल्यावर मंडळींनी माझा डावा हात धरला आणि दाबून बघितला. लकवा म्हटलं की आपल्याकडे हात-पाय, वाकडं तोंड, तेल-मालिश. मॅडमनी त्यांना आधी खाली बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की अर्धांगवायूतही असं होऊ शकतं, पण तेव्हा बहुधा इतरही खुणा सोबत असतात; इथं एका पट्टीची एक नस रुसली आहे.

लगेच दुसरी तपासणी केली, स्ट्रोबोस्कोपी. बोलताना पुरुषाच्या पट्ट्या सेकंदाला शंभराच्या वर वेळा थरथरतात, डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून आवाजाच्या तालापेक्षा किंचित मागं-पुढं लुकलुकणारा दिवा लावतात, म्हणजे थरथर संथ दिसते. सिनेमात पळत्या गाडीचं चाक उलटं, हळू फिरताना दिसतं त्यातलंच. उजवी पट्टी लाटेसारखी हलत होती. डावी वाऱ्यावर फडफडणाऱ्या चिंधीसारखी. मधे फट, आणि त्या फटीतून माझी सगळी हवा. लकवा दुर्बिणीतच कळला होता, फट किती आहे आणि कशी भरता येईल ते यात कळतं. याचे तीन हजार वेगळे घेतात. मला ते जरा जास्त वाटले, पण रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर देतात, आणि पुढं तीनदा ते जुनं चित्र शेजारी लावून तुलना केली तेव्हा पैसे वसूल झाले.

बाहेर भिंतीवर एका दाढीवाल्या साहेबाचा फोटो आहे, मॅन्युएल गार्सिया म्हणून. मला वाटलं कुणी मोठे डॉक्टर. गाण्याचे मास्तर निघाले. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं उन्हाची तिरीप त्यावर पाडली आणि स्वतःच्याच पट्ट्या हलताना पाहिल्या. त्या आधी जिवंत माणसाच्या पट्ट्या बोलताना कशा दिसतात ते असं नीट पाहायला मिळत नव्हतं. १०१ वर्षं जगले. डॉक्टर नसलेल्या, घशावर पोट भरणाऱ्या माणसानं हे शोधलं याचा मला उगाच अभिमान वाटला. आमच्या धंद्यातलाच म्हणायचा.

आता मुख्य. पट्टी लुळी आहे एवढं कळलं की काम झालं असं मला वाटलं होतं, औषध द्या आणि सोडा. मॅडम म्हणाल्या, "हे निदान अर्धंच. लुळी का पडली ते शोधायचं. छातीचा सीटी लागेल."

मी म्हटलं, घशाचा हो मॅडम. त्या म्हणाल्या, छातीचाही.

त्यांनी कागदावर जे काढून दाखवलं ते मी आता आमच्या यार्डात सगळ्यांना सांगत असतो. आवाजाची नस मेंदूतून निघते, गळ्यातून खाली येते, आणि स्वरयंत्राच्या शेजारून सरळ पुढं निघून जाते. डावी पार छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घालते आणि मग उलटी वर चढून स्वरयंत्रात शिरते. लासलगावहून विंचूरला जायचं आणि गाडीनं आधी नाशिकला नेऊन परत आणायचं, असला रूट. उजवी खांद्याजवळच्या रक्तवाहिनीला वळसा घालून वरच्या वर परत फिरते, तिचा रस्ता आखूड. का असं? पोटातल्या गर्भात हृदय आधी गळ्याजवळ असतं, ते खाली सरकताना नसेलाही ओढत नेतं. त्यामुळे डावीचा रस्ता लांब, आणि जितका रस्ता लांब तितके अडथळे जास्त. फुफ्फुसाच्या टोकाला गाठ असेल, छातीच्या मधल्या भागात टीबीच्या गाठी असतील, अन्ननलिकेत काही असेल, कमानीचा फुगा असेल, तर पहिली तक्रार आवाज बसण्याची येऊ शकते. घशात काहीही नसताना.

मी २० वर्षं तंबाखू खाल्ली आणि त्याआधी विड्या ओढल्या. सोडून सहा वर्षं झाली, पण अंगाच्या खात्यावर जुनी बाकी राहतेच. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, शक्यता आहे म्हणून शोधतोय, आहे म्हणून नाही. चार आठवड्यांच्या वर आवाज बसला तर आत पाहायलाच पाहिजे, आणि तंबाखूवाल्यानं तर त्याआधीच. मी सातव्या आठवड्यात आलो होतो.

सीटी दुसरीकडे करायला पाठवतात, कवटीच्या तळापासून छातीपर्यंत, डाय टोचून. साखर आहे म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करून घेतलं. साडेसात हजार. कमिशनचा वास येतो का म्हणून पोरानं विचारलं, हेच सेंटर का? तर चिठ्ठीवर सेंटरचं नावच नव्हतं, कुठंही करा म्हणाले. या एका गोष्टीसाठी अर्धा तारा जास्त द्यायची सोय असती तर दिला असता.

रिपोर्टला चार दिवस लागले. शनिवार-रविवार मधे आला. ते चार दिवस मी लिहीत नाही.

त्या काळात आणि नंतरच्या खेपांना बाहेरच्या खुर्च्यांवर जे लोक भेटले त्यांच्याकडून जे कळलं ते माझ्या रिपोर्टापेक्षा मोठं आहे. सिन्नरकडची एक बाई, थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं. ती नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते, त्यामुळे ऑपरेशनमध्ये ती ताणली जाऊ शकते, क्वचित तुटतेही. तिच्या दोन्ही पट्ट्या गेल्या होत्या. मला वाटलं, मग हिला आवाजच नसणार. उलट! आवाज माझ्यापेक्षा खणखणीत. दोन्ही पट्ट्या मधल्या रेघेजवळच येऊन थांबलेल्या, म्हणून आवाज बरा, पण दार उघडतच नाही म्हणून श्वास कोंडतो. तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, बोलताना ती बोटानं झाकून घ्यायची. एका पट्टीचा लकवा आवाज खातो, दोन्हींचा श्वास. ज्यांचं असं काही झालंय आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो त्यांनी या दवाखान्याची वेळ बघत बसू नये, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात रात्रीसुद्धा जावं. हे मॅडमनीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

दिंडोरीकडची एक तरुण मुलगी होती, तिशीचीही नसेल. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा म्हणे. आवाज बसला म्हणून आली आणि इथून तिला थेट हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवली, कारण हृदयाची झडप आक्रसलेली निघाली. त्यामुळे हृदयाचा डावा कप्पा आणि फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी फुगते, आणि कमानीखालच्या त्या वळणावर नस चेपते. ऑर्टनर नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं हे १८९७ साली लिहून ठेवलंय. सव्वाशे वर्षं झाली आणि अजून आमच्याकडे आवाज बसला की गुळण्याच.

आणि एक पोरगा, अपघातानंतर दोन आठवडे व्हेंटिलेटरवर होता. त्याची पट्टीही हलत नव्हती, पण त्याला लकवा नव्हता म्हणे. नळीच्या दाबानं पट्टीचा सांधाच आखडला होता. दुर्बिणीत दोन्ही सारखंच दिसतं, पट्टी हलत नाही. वेगळं कसं ओळखायचं? एक तर भूल देऊन पट्टीचा सांधा हलवून बघतात, दार गंजलंय की ओढणारा माणूसच गेलाय हे कळतं. नाहीतर गळ्यातून बारीक सुया घालून पट्टीच्या स्नायूत वीज येतेय का ते मोजतात, त्याला ईएमजी म्हणतात. ते मशीन इथं नाही. मी विचारलं, मुंबईला जाऊ का? मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घशात कधी नळी नव्हती, मार नव्हता. ईएमजीनं नस परत यायची आशा किती ते थोडं कळेल, पण पुढचे सहा महिने आपण जे करणार ते तेच राहील. गाडीभाडं वाचवा." स्वतःकडे नसलेलं मशीन भारी आहे असंही न म्हणणारा आणि निरुपयोगी आहे असंही न म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. फुफ्फुस साफ, गाठी नाहीत, कमान ठीक, थायरॉइड ठीक. मंडळींनी तिथंच हात जोडले.

मी विचारलं, मग कशानं?

"सापडलं नाही."

मला आधी राग आला. दहा-बारा हजार घालवून सापडलं नाही? मग त्यांनी सांगितलं की अशी बरीच माणसं असतात. तुमची सर्दी-तापाची हकिगत आहे, बहुधा विषाणूनं नसेला सूज आली असावी, पण ते सिद्ध करणारी तपासणी नाही. साखरही नसेला त्रास देते, ती नीट ठेवा. आणि सापडलं नाही म्हणून फाईल बंद करत नाही, सहा महिन्यांनी छाती पुन्हा बघू. केस पेपरवर त्यांनी "कारण अज्ञात" असं मराठीत लिहिलंय. मी तो कागद जपून ठेवलाय. घशाला कारण ठोकून देणारे मला दोन भेटले होते, आणि दोघंही चुकले होते. छातीपर्यंत जाऊन, सगळं उलथंपालथं करून "माहीत नाही" म्हणणारी ही बाई मला जास्त खरी वाटली. लिलावातही माल न उघडता भाव सांगणारा असतोच एखादा.

उपचाराचं थोडक्यात. नस परत उगवली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर, आणि तिचा रस्ता तर नाशिकमार्गे. म्हणून सहा महिने ते वर्षभर कायमचं ऑपरेशन करत नाहीत. पण माझं पोट वर्षभर थांबणार नव्हतं, तेव्हा तात्पुरतं जेलचं इंजेक्शन दिलं. गळ्यातून सुई, नाकात दुर्बीण, मी जागा. लुळ्या पट्टीला आतून फुगवून मधल्या रेघेकडे ढकलायचं, म्हणजे चांगली पट्टी येऊन तिला भिडते. टेबलावरच "एक ते दहा म्हणा" सांगितलं. चार म्हणेपर्यंत वारा होता, पाचाला आवाज आला. तो माझा नव्हता, कुणा मावसभावाचा असावा असा, पण आवाज होता. ३८ हजार, त्यात जेलचेच बरेच. काही महिन्यांत ते विरघळतं. नस आलीच नाही तर नंतर थायरोप्लास्टी असते, स्वरयंत्राच्या कुर्चेला खिडकी पाडून ठोकळा बसवायचा. जपानच्या इशिकी नावाच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ती पद्धत मांडली. त्यातही माणसाला जागं ठेवून बोलायला लावतात, सतार जुळवल्यासारखं. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

थेरपीवाल्या ताईंचं वेगळं लिहायला हवं. २५-२६ वर्षांच्या, पण मला शिस्त लावली. ओरडायचं नाही आणि कुजबुजायचंही नाही. पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून बुडबुडे काढत "ऊऽऽ". दिवसातून पाच वेळा. नातवाला हे इतकं आवडलं की दोघं समोरासमोर बसून बुडबुडे काढायचो, त्याचा सूर माझ्यापेक्षा लांब. पाणी पिताना हनुवटी खाली आणि मान डावीकडे, लुळ्या बाजूला वळवून घोट घ्यायचा. पहिल्या दिवसापासून ठसका निम्मा. एवढीशी युक्ती आधीच्या सात आठवड्यांत कुणी सांगितली असती तर पाण्याला घाबरायची वेळ आली नसती.

नोव्हेंबरात पुन्हा दुर्बीण. जेल विरघळलेलं. डावी पट्टी किंचित हलते, हुंगल्यावर जरा लुकलुकते. मॅडम म्हणाल्या, नस येते तेव्हा तारा जुन्याच जागी जोडल्या जातील असं नाही, उघडायची तार मिटायच्या स्नायूला लागते, त्यामुळे पट्टी पूर्वीसारखी पळणार नाही कदाचित, पण तिच्यात जीव आलाय, ताठ राहते. आणि उजवी आता रेघ ओलांडून तिला गाठायला शिकली आहे. "आ" तेरा सेकंद. छाती साफ. समितीनं मला कमरेचा स्पीकर आणि कानाला लावायचा माईक दिलाय, शाळेच्या बाई वापरतात तसला. पहिल्या दिवशी व्यापारी हसले, दुसऱ्या दिवशी विसरले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: तपासणी ८०० रुपये, त्यात नुसती नाकातली दुर्बीण येते, स्ट्रोबोचे वेगळे. जुने सगळे कागद न्या, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड विसरू नका, आधी तेच मागतात. दुर्बिणीनंतर घसा बधिर असतो म्हणून तासभर काही खाऊ-पिऊ देत नाहीत, तेव्हा खालच्या टपरीवरची मिसळ आधीच उरका. लिफ्ट आहे. गाडी लावायला जागा नाही. कार्ड चालतं, पण मशीनला रेंज येईलच असं नाही.

आता तो कापलेला तारा. वेटिंगमध्ये नंबराचा बोर्ड नाही. काउंटरवरची मुलगी नाव पुकारते, तेही इतक्या हळू की लिलावात तिला कुणी कांद्याची पातही विकली नसती. आणि समोर बसलेले कोण? ज्यांना आवाज नाही ते. नाव ऐकलं तरी "आलो" म्हणता येत नाही, उठेपर्यंत ती पुढचं नाव घेते. मे महिन्यात माझा नंबर असाच दोनदा हुकला. मी चिठ्ठी लिहून तक्रार पेटीत टाकली, बोर्ड लावा म्हणून. अजून लावलेला नाही.

परवाच्या खेपेला माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं गेलं, त्या नुसत्या हात हलवतायत, मुलीचं लक्ष वहीत. मला राहवलं नाही. बसल्या जागेवरून म्हटलं, "आहेत इथंच!" सगळं वेटिंग वळलं. आतून थेरपीवाल्या ताई दार उघडून बाहेर आल्या, कुणाचा आवाज ते बघितलं, आणि माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.